खालची उजवी चौकट

जऊळक्याला स्टेशन होतं, म्हणून वर्तमानपत्र होतं. ते गाडीने एक दिवस शिळं होऊन यायचं, पण यायचं. तेव्हा आमचा जिल्हा अकोला. वाशीम जिल्हा व्हायला अजून खूप अवकाश होता. स्टेशनच्या रस्त्यावर एका खोलीचं वाचनालय होतं आणि त्याच्या ओसरीवर एक काळा फळा. आलेल्या पेपरातल्या बातम्या रोज त्यावर खडूने उतरवायच्या, हे काम मॅट्रिक झाल्यावर माझ्याकडे आलं. पगार नव्हता. मास्तरकीच्या हुकमाची वाट बघत बसलेल्या माणसाला बिनपगारी कामही कामच वाटतं.

आमच्या वस्तीतल्या कोणाच्या हातात तो खडू त्याआधी गेला नव्हता. माझ्या जन्माच्या आसपासच आमच्या घरातले देव निघाले होते आणि भिंतीवर दोन तसबिरी आल्या होत्या. वाचनालयाचे अध्यक्ष चाळीस एकरांचे धनी होते. माझं अक्षर बघून मला नेमलं, असं ते चारचौघांत सांगत. फुकट करायला दुसरं कोणी तयार नव्हतं, असा माझा आपला अंदाज.

फळ्याच्या चार चौकटी आखलेल्या होत्या. वर देशाची आणि परदेशाची बातमी, खाली डावीकडे तुरीचे-कापसाचे भाव. खालची उजवी चौकट गावात येणाऱ्या गोष्टींची. रेशनची साखर येणार, घासलेट येणार, गुरांचा डॉक्टर येणार. तारीख लिहिलेली नसेल तर ती गोष्ट बाजाराच्या दिवशी येते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ज्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं तेसुद्धा लांबून ती चौकट भरलेली दिसली की विचारत, "काय येऊन राह्यलं बाप्पा?" वरच्या चौकटींत युद्ध झालं काय नि सरकार पडलं काय, त्याची एवढी चौकशी नसे.

माझे बाबा स्टेशनवर हमाली करत. संध्याकाळी घरी येताना ते फळ्यासमोर थांबायचे. हात मागे बांधून, मान जराशी वर करून, एखाद्याला वाचायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ उभे राहायचे आणि मग मान हलवून निघायचे. त्यांना वाचता येत नव्हतं. हे घरात माहीत होतं, बाहेर नव्हतं. जेवताना मला विचारायचे, "आज वरच्या कोपऱ्यात काय होतं?" मी सांगायचो, आणि दुसऱ्या दिवशी तेच ते गाडीची वाट बघणाऱ्या लोकांना सांगायचे. मला त्याचं हसू यायचं आणि बरंही वाटायचं.

सत्तरीचं दशक तेव्हा अर्ध्याहून पुढे गेलं होतं. एका रविवारच्या पुरवणीत, कोपऱ्यात, बोटभर मजकूर आला होता. परदेशात टीव्हीसारख्या पडद्यावर खेळायचा एक खेळ निघाला आहे. काळा पडदा, दोन बाजूंना दोन पांढऱ्या रेघा, मध्ये एक पांढरा ठिपका. यंत्राची मूठ फिरवली की रेघ सरकते आणि ठिपका अडवते. लोक त्यासाठी दुकानांत रांगा लावतात. लिहिणाऱ्याने शेवटी विचारलं होतं की हा खेळ म्हणावा की चित्र? आजवर चित्र भिंतीवर असायचं आणि माणूस त्याच्यापुढे गप उभा राहायचा. आता चित्र माणसाच्या हाताने हलतं. कदाचित उद्या हीही एक कला गणली जाईल.

मी ते तीनदा वाचलं. टीव्ही मी पाहिलेला नव्हता, गावात कोणीच पाहिलेला नव्हता. पण काळ्यावर पांढऱ्या रेघा मी रोज ओढत होतो, आणि कोणीतरी त्या रेघा हलवून दाखवल्या होत्या. मला फार आनंद झाला. बातमी वाचून इतका आनंद होण्याचं वय ते.

परदेशाच्या चौकटीत त्या दिवशी एक लांबलचक बातमी होती. ती छाटता आली असती. पण मला नुसता मजकूर लिहायचा नव्हता, चित्र काढायचं होतं आणि ते मोठं हवं होतं. खालची उजवी चौकट रिकामी होती. मी तिथे पट्टी धरून दोन रेघा ओढल्या, मध्ये ठिपका काढला, आणि खाली बारीक अक्षरात तीन ओळी लिहिल्या. लांब जाऊन पाहिलं. फळ्यावर याहून देखणं काही आजवर निघालं नव्हतं, असं मी स्वतःच ठरवून टाकलं.

त्या संध्याकाळी मी घरी उशिरा पोचलो. बाबा जेवून झोपले होते, त्यामुळे त्यांनी काही विचारलं नाही. पुढचे दोन दिवस ते जास्तीच्या पाळीला होते. चित्र पुसायचं माझ्या जिवावर आलं म्हणून मी बाकीच्या तीन चौकटी बदलत राहिलो आणि ती तशीच ठेवली.

बाजाराच्या दिवशी सकाळी वाचनालयापुढे चाळीस-पन्नास माणसं उभी होती. काही गावातली, काही गाडीने आलेली. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचं एक म्हातारं जोडपं दोन गाड्या बदलून आलं होतं. म्हाताऱ्याने मला विचारलं, "थो खेळ कुठी मांडनार हायत? आमी लांबून आलो."

काय झालं ते मला तिथल्या तिथे कळलं. मी सांगितलं की खेळ इथे येणार नाही, तो तिकडे परदेशात आहे.

"मंग खालच्या चौकटीत काहून लिवलं?" कोणीतरी विचारलं. मागून दुसरा म्हणाला, "यायच्या हाती खडू देल्ला, तवाच समजलं होतं." तो कोण होता ते मला आजही आठवतं. त्याचं तोंड बघणं नंतर मी वर्षभर टाळलं, आणि मला अजूनही त्याचा राग आहे.

अध्यक्ष आले. त्यांनी फळा पाहिला, गर्दी पाहिली. आवाज चढवला नाही. हात पुढे केला आणि म्हणाले, "आन तो खडू इकडे." मी खडू त्यांच्या हातावर ठेवला. मग ते लोकांकडे वळले. "तुमाले कोनं सांगतलं, खेळ येते म्हनून?"

"टेसनावरच्या हमालानं," तांड्यावरचा म्हातारा म्हणाला. "म्हने, बाजाराच्या दिसी येते. फळ्यावर हाय, मी सोता वाचलं."

बाबा गर्दीच्या कडेला होते. सकाळची गाडी उतरवून तसेच आले होते, खांद्यावर फडकं होतं. ते पुढे आले आणि अध्यक्षांसमोर उभे राहिले.

"म्या सांगतलं," ते म्हणाले. "पोराचा कसूर नाई, साहेब. मले वाचता येत नाई. म्या चौकट भरलेली पाह्यली, कोनी तरी 'खेळ' म्हनून वाचलं, नि म्या सांगत सुटलो. त्याले इचारलं बी नाई."

कित्येक वर्षं फळ्यासमोर मान वर करून उभा राहणारा माणूस वाचत नव्हता, हे एका वाक्यात सगळ्या बाजाराला कळलं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

चौकट मी चुकवली होती. हे एक वाक्य बोलायला मला पुरेसा वेळ होता. अध्यक्ष माझ्याकडे बघत होते. त्यांना फळ्याचा नियम माझ्याइतकाच माहीत होता. मी खडूकडे बघत होतो. मी बोललो नाही.

त्या शांततेतून वाट काढली ती गावातल्या दंडारीतल्या सोंगाड्याने. दंडार म्हणजे आमच्याकडचं पुरुषांनीच करायचं गाण्या-नाचाचं सोंग, आणि गावात नवं काही आलं की ते याच्या सोंगात आलंच पाहिजे. पहिला ट्रॅक्टर आला तेव्हा हा आठवडाभर दोन पाटांवर बसून फिरला होता. तो मला म्हणाला, "बातमी पुरी सांग तं. हालते म्हंजे कसं हालते?"

मी सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, फळा भिंतीवरून उतरवला, ओल्या फडक्याने पुसला आणि दोन बाकांवर आडवा टाकला. भाव गेले, सरकार गेलं, माझं चित्र गेलं. दोन्ही टोकांना दोन टिपऱ्या ठेवल्या. कोणाच्या तरी पोत्यातून बोटभर कापूस काढून त्याचा घट्ट बोळा केला. "फुकून मारायचा," तो म्हणाला, "नि टिपरीनं अडवायचा. थ्या यंत्राची मूठ म्हंजे तुमची टिपरी." एका बाजूला तो स्वतः आणि दुसऱ्या बाजूला तांड्यावरचा म्हातारा. प्रत्येक गुणाला सोंगाड्या दंडारीच्या चालीत एक ओळ जोडायचा. म्हातारी तोंडाला पदर लावून हसत होती. दुपारपर्यंत लोकांनी रांग लावली, पेपरात लिहिलं होतं तशीच. म्हातारा जाताना मला म्हणाला, "आला की रे खेळ."

अध्यक्षही एक डाव खेळले आणि हरले. निघताना त्यांनी खडू माझ्या हातात परत दिला. "उद्यापासून चौकट पाहून लिहजो," एवढंच म्हणाले. त्या साली दंडारीत त्या खेळाचं सोंग झालं आणि ते चांगलं रंगलं.

बाबा खेळ मांडायच्या आधीच निघून गेले होते. संध्याकाळी घरी आलो तेव्हा ते चुलीजवळ बसले होते. मी सांगितलं की खडू राहिला. त्यांनी मान हलवली. मग पाटीसारखी जमीन हाताने साफ केली आणि म्हणाले, "मले सगळं नको शिकवू. या वयात नाई जमायचं. 'येणार' हा येक शब्द दाखव. थो असला तं सांगत जाईन, नसला तं गुमान राहीन."

मी कोळशाने जमिनीवर 'येणार' लिहिलं. चार दिवसांत त्यांना ते ओळखू यायला लागलं. त्यानंतर ते फळ्यासमोर फार वेळ थांबत नसत. वाकून खालच्या उजव्या चौकटीत बोट फिरवत, शब्द सापडला की मला हाक मारत, नाही सापडला की निघून जात. माझी मास्तरकी लागेपर्यंत ते असंच करत राहिले. चूक वाचण्याची नव्हती, लिहिण्याची होती, हे मी त्यांना त्या संध्याकाळी सांगितलं नाही, आणि नंतरही नाही. ते गेले तेव्हाही त्यांची समजूत हीच होती की माझा खडू त्यांच्या चुकीने जाणार होता, तो कसाबसा राहिला.