आरशातला दादा

केसांना लावण्याआधी कात्री दोनदा हवेतच वाजवायचे. मानेला गुदगुल्या होऊन गिऱ्हाईक हसलं की स्वतःही हसायचे. कंगवा कानामागे खोचून दुकानभर शोधायचे. आणि प्रत्येकाच्या डोक्यावरून, समोरच्या आरशात, मागच्या भिंतीवरच्या चित्राकडे एकदा बघायचे.

या सलूनवाल्या काकांकडे मी केस कापायला कमी, गप्पा मारायला जास्त जायचो. मी लिहितो म्हणून ते मला 'साहित्यिक' म्हणायचे.

चित्र जुनं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं. बारीक रेषांतून उमटलेला कोटवाला माणूस, खाली नाव नाही. कुणी म्हणे न्यायाधीश, कुणी म्हणे पहिलीच केस हरलेला वकील. काका म्हणत, "आमचा दादा."

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. केस कापायला काकांचा हात त्याच्याच डोक्यावर बसला होता. एकदा दोघांची जुंपली आणि दादा घर सोडून गेला. त्याचा एकही फोटो नव्हता. "समोर आला तर ओळखायला नको?" काका म्हणत. चेहरा विसरण्याची त्यांना धास्ती होती.

मागच्या महिन्यात त्यांची ताई आली. भिंतीसमोर उभी राहिली.

"हा कुठला दादा? काहीतरीच तुझं! दादाचा भांग डावीकडे, याचा उजवीकडे."

"खुर्चीत बस. आरशात बघ."

"टक्कल करशील माझं."

"बस गं!"

आरशात भांग डावीकडे आला होता. ती बराच वेळ उठली नाही. "जेवायला हाक मारली की असंच बघायचा," एवढंच म्हणाली.

मी म्हणालो, "काका, पत्र्यावर कोरतात त्याच्या उलट कागदावर छापलं जातं. कोरणाऱ्याने समोर बघून तसंच कोरलं असेल, तर खरा माणूस आरशातल्यासारखाच."

कात्री थांबली. "म्हणजे इतकी वर्षं मी त्याला सुलटाच बघतोय?"

"असेल."

"मग आला तर ओळखीन."

परवा सकाळी ते माझे केस कापत होते. उजवी बाजू झाली. "साहित्यिक, जरा टेकतो रे," म्हणत मागच्या बाकावर, चित्राखाली बसले. दाराकडे तोंड करून. मला आरशात दिसत होते.

"कुणाची वाट बघताय, काका?"

मला वाटलं, डोळा लागला.

काल ताईने दुकानाला कुलूप लावलं. चित्र काढलं नाही. माझ्याकडे बघून रडता रडता हसली. "जा, कुणाकडून तरी सारखे करून घे."

डावीकडचे केस अजून कानावर येतात.