लालासाहेबांच्या गाडीचा डावा दिवा

आमच्या गावात नुसतं ‘सुभेदार’ म्हटलं की लालासाहेब. फौजेतून पेन्शनवर येऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण अजून ते दारातल्या कुत्र्याला ‘पीछे मुड’ म्हणतात. कुत्रा वळत नाही, तो भाग वेगळा. कवठे महांकाळच्या अलीकडे त्यांची द्राक्षबाग आहे. तिनं एका हंगामात चांगला हात दिला आणि लालासाहेबांनी सांगलीहून पांढरीशुभ्र नवी गाडी आणली.

त्या गाडीची बडदास्त काय विचारता! रोज सकाळी तिची आंघोळ. मी शेजारीच राहतो, त्यामुळे सगळं डोळ्यांदेखत. रंगूबाई, म्हणजे त्यांच्या मंडळी, एकदा मला म्हणाल्या, “मास्तर, लगीन होऊन चाळीस वर्सं झाली, पर माझ्याकडं एवढं निरखून कवा बघितलं न्हाई ह्यांनी.”

लेक दीपमाला कोयनानगरला दिलेली. तिच्याकडे जाताना पहिली गंमत झाली. भर दुपार, पण पावसाळ्याचे दिवस, घाटात धुकं इतकं की पुढचं वळण दिसेना. लालासाहेबांनी दिवे लावले. समोरून एसटी आली आणि सरळ यांच्या अंगावरच यायला लागली. कसाबसा ब्रेक लागला. एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, “काका, एकच दिवा लावून फिरताय! मला वाटलं मोटारसायकल हाय!” उतरून बघतात तर डावा दिवा बंद.

सांगलीला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेली. बल्ब गेलाय म्हणाले, नवा घातला, बिल हातात दिलं. महिन्याभरात तो गेला. पुन्हा नवा. तोही गेला. उजवा दिवा मात्र पहिल्या दिवसापासून ठणठणीत.

तिसऱ्या खेपेला लालासाहेबांनी बिल द्यायचं नाकारलं. तिथला मॅनेजर मुकुल, सांगलीचाच, गोडबोल्या पोरगा. तो म्हणाला, “काका, गाडी वॉरंटीत आहे, पण बल्ब वॉरंटीत येत नाही.”

“मग बल्ब काय गाडीच्या भायेर आसतो व्हय?”

यावर मुकुलनं चहा मागवला. बिलाचे पैसे मात्र घेतलेच.

घरी येऊन लालासाहेब मला म्हणाले, “पैशाचा सवाल न्हाई मास्तर, तत्त्वाचा हाय.” असं म्हणणाऱ्याला पैशाचंही बरंच लागलेलं असतं, एवढं मला नोकरीतल्या अनुभवानं कळतं. पण मी मान डोलावली. आणि मान डोलावली म्हणूनच पुढच्या सोमवारी गाडीत बसून मलाही सांगलीला जावं लागलं.

लालासाहेबांनी भांडण केलं नाही. ते नव्या गाड्या मांडलेल्या हॉलमध्ये गेले आणि गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या सोफ्यावर ताठ बसले. शेजारी मी, पलीकडे रंगूबाई. थोड्या वेळानं हळदीचे एक व्यापारी मुलाला घेऊन गाडी बघायला आले. पांढऱ्या मिशा आणि कडक इस्त्रीचा सदरा बघून त्यांनी साहजिकच लालासाहेबांना विचारलं, “तुमी वापरताय का ही गाडी? कशी हाय?”

लालासाहेब खोटं बोलत नाहीत. “गाडी लय झकास! आवरेज चांगलं, चढाला दमत न्हाई. फक्त डावा डोळा मारती. रस्त्यानं लोकांचा गैरसमज हुतो, एवढंच.”

व्यापाऱ्यानं मुलाकडे बघितलं. मुलानं गाडीच्या डाव्या दिव्याकडे बघितलं. दोघं ‘येतो’ म्हणून जे गेले ते गेलेच.

दुसऱ्या गिऱ्हाइकालाही लालासाहेबांनी तितक्याच प्रेमानं गाडीची स्तुती ऐकवली आणि शेवटी डोळ्याचं सांगितलं. तेव्हा मुकुल काचेच्या केबिनमधून जवळजवळ पळतच आला. “काका, आत बसू या ना. आत एसी आहे.”

“हितंबी हाय की.”

“पुढच्या सोमवारी कंपनीचा इंजिनिअर येतोय. त्याला दाखवतो. पण तोपर्यंत तुम्ही… घरी आराम करा.”

पुढच्या सोमवारी आम्ही तिघंही हजर. इंजिनिअरचं नाव शिवतेज, पुण्याहून आलेला, वयानं लहान पण कामात शांत. त्यानं डावा दिवा उतरवून उघडला. आत काचेवर पाण्याचे थेंब.

“पाणी जातंय आत. म्हणून बल्ब टिकत नाही. काका, गाडी कशानं धुता?”

इथं एखाद्यानं बादली आणि फडकं सांगितलं असतं. मी हळूच पायानं त्यांचा पाय दाबलासुद्धा. पण लालासाहेब सावधान उभे राहिले आणि म्हणाले, “बागेच्या फवारणी पंपानं. फुल प्रेशर.”

मुकुलचा चेहरा उजळला. शिवतेज जरा अवघडून म्हणाला, “काका, मग अवघड आहे. एवढ्या जोरानं पाणी मारल्यावर कंपनी खर्च देणार नाही.”

“चूक माझी,” लालासाहेब म्हणाले. “चला मास्तर.” ते वळले. इतका पडलेला त्यांचा चेहरा मी कधी बघितला नव्हता. सोफ्यावर जिंकलेली लढाई एका प्रश्नात गेली होती.

रंगूबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. पदर सावरत म्हणाल्या, “आवं साहेब, जरा थांबा. ह्यो माणूस तुमास्नी ठावं न्हाई. ह्यो डाव्या बाजूला जेवढं पाणी मारल, तेवढंच उजव्या बाजूला मारल. सारकं झालं न्हाई तर ह्यास्नी झोप लागत न्हाई. मग उजवा का गेला न्हाई?”

शिवतेजनं लगेच उजवा दिवा उघडला. आत कोरडा खडखडीत. पुन्हा डावा हातात घेऊन कडेनं बोट फिरवलं, आणि हसला. “मावशी, बरोबर बोललात. याचं पाणी अडवणारं रबर बसवतानाच पिळलंय. मूळचाच दोष आहे.” तो मुकुलला म्हणाला, “अख्खा दिवा बदलून द्या. आणि आधीच्या बल्बचे पैसेही परत करा.”

“पर पाणी तर म्याच…” लालासाहेबांनी तोंड उघडलं.

“तुमी आता गप ऱ्हावा,” रंगूबाई म्हणाल्या. चाळीस वर्षांत सुभेदारांनी पाळलेल्या हुकमांपैकी हा सगळ्यात झटपट पाळलेला असेल.

नवा दिवा बसला. घाटातून दोनदा कोयनानगरला जाऊन आले, काही झालं नाही. पंप आता फक्त बागेला.

परवा संध्याकाळी दूध घालायला डेअरीवर गेलो, तर तिथं लालासाहेब पाच-सहा जणांना सांगत उभे होते. “इंजिनेर म्हणला, खर्च मिळणार न्हाई. म्या म्हणलं, गड्या, मग उजवा का गेला न्हाई? बोल की! त्याची वाचाच बसली!” सगळे वाहवा करत होते. मागं रंगूबाई दुधाची किटली घेऊन रांगेत उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे.

येताना वाटेत मी म्हणालो, “वहिनी, तुम्ही का नाही बोललात?”

“आसू द्या मास्तर. लय दिसांनी रंगात आल्यात.” आणि रिकामी किटली हलवत त्या पुढं चालू लागल्या.