अंबाडीची भाची

सॅम्पलमामांना प्रत्येक चूक आपल्या नावावर घ्यायची फार हौस. प्रिंटरमध्ये कागद अडकला, की मामा लांबूनच म्हणायचे, "माझंच चुकलं." लाइट गेली तर मघाशी आपणच पंखा जोरात लावला होता, हे त्यांना आठवायचं. कॉम्प्युटर बंद पडला की बाकीचे लोक माउस आपटतात. मामा माउसवरचा हात काढून घ्यायचे आणि चपला काढून देवळाबाहेर थांबावं तसे गप्प बसून राहायचे.

माझ्या कामात असा माणूस म्हणजे मोठी पंचाईत. कपड्याच्या कारखान्यात नवा शर्ट निघायचा असला की आधी त्याचे नमुने शिवतात. गिऱ्हाईक म्हणतं गळा ढिला करा, बाही आखूड करा. मग मापं बदलतात, पुन्हा नमुना शिवतात, आणि हे सगळं एका सॉफ्टवेअरमध्ये भरत जावं लागतं, कारण कटिंगवाले तिथलीच मापं बघून कापड कापतात. ते सॉफ्टवेअर आमच्या कंपनीचं. फार जुनं झालं होतं, म्हणून नवं करायला घेतलेलं. ते वापरणाऱ्यांच्या शेजारी बसून ते कुठे अडखळतात हे बघायचं, हे माझं काम. त्यासाठी भिवंडीला राहनाळच्या गोदामांमागच्या एका कारखान्यात मी महिनोन्‌महिने जात होते. माणूस अडखळला तर स्क्रीनचं चुकलं, हा आमच्या धंद्याचा पहिला धडा. मामांनी तो कधीच मानला नाही.

सॅम्पल रूममध्ये त्यांचं टेबल खिडकीशी होतं. गळ्यात मापाची टेप, केस काळेभोर रंगवलेले, कानामागचे तेवढे रंगवायचे राहिलेले. कारागिरांशी हिंदी, साहेबांशी अर्धं इंग्रजी आणि स्वतःशी गावची मराठी. ज्या नमुन्याचं माप बदललं असेल त्याला ते त्या जागी लाल दोऱ्याचा टाका घालायचे, आणि माप कॉम्प्युटरमध्ये भरलं की टाका उसवायचे. एका नमुन्याचा टाका उसवला की एक विडी, असा नेम होता. विडीची परवानगी नव्हती, म्हणून ती जिन्याखाली, आणि साहेब दिसले की तिथेही "माझंच चुकलं" तयार असायचं.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला गाव विचारलं. मी म्हटलं, अंबाडीच्या अलीकडे. अलीकडे म्हणजे कुठं, कुणाची, आजोबांचं नाव काय, अशी चौकशी चहा संपेपर्यंत चालली. शेवटी त्यांची धाकटी बहीण आमच्याच गावात, आमच्याच आळीत दिल्याचं निघालं. मामांनी कप खाली ठेवला.

"मंग मी तुझा मामाच झालो की."

त्या दिवसापासून सगळं सोपं झालं. शिलाई मशीनवरचे लोक मला 'मामा की भांजी' म्हणू लागले. ज्या गोष्टी परक्याला कुणी दाखवत नाही त्या मला दाखवू लागले. जेवणाच्या सुट्टीत डब्यातला बोंबील माझ्या पोळीवर यायचा. लोकांचा विश्वास बसणं ही आमच्या कामात मोठी कमाई, आणि ऑफिसात मी ते जरा मिरवूनच सांगत होते.

नव्या सॉफ्टवेअरच्या स्क्रीन तयार झाल्या तेव्हा चाचणीला मी अर्थातच मामांना बसवलं. आदल्या आठवड्यात सरावासाठी एक नमुना शर्ट त्यात भरून ठेवला होता, ज्याला वाटेल त्याने बघावं म्हणून. चाचणीच्या दिवशी कॅमेरा लावला आणि सगळ्यांना सांगते तेच त्यांना सांगितलं, की मामा, ही तुमची परीक्षा नाही, स्क्रीनची आहे. मनात येईल ते बोलत राहा.

"मनातलं पोरीसमोर बोलायचं नसतं," मामा म्हणाले, आणि सगळे हसले.

मग मी त्यांना शर्टाचं गळ्याचं माप बदलायला सांगितलं. मामा एकदाही थांबले नाहीत. इथे दाबलं, तिथे दाबलं, आकडा भरला, अगदी खालच्या कोपऱ्यातलं 'कटिंगला पाठवा' हे बटणही दाबलं, जे आमच्या ऑफिसातल्या तरुण मुलांनाही सापडत नव्हतं. काही अडलं का विचारलं तर म्हणाले, "छान हाय. फार छान केलंय." त्यांचे ओठ तेवढे सारखे हलत होते. मी टिपणात लिहिलं, हळू आवाजात विचार बोलून दाखवतात. आमच्या वरिष्ठांनी ते चित्रण बघितलं आणि म्हणाले, हे गृहस्थ करू शकतात म्हणजे कुणीही करील. ते बटण खालीच राहिलं. माझं कौतुक झालं, आणि पुढे बढतीही मिळाली.

नवं सॉफ्टवेअर सुरू झाल्यावर काही महिन्यांनी मी परत गेले, तर खिडकीशी दुसरंच कुणी बसलेलं. मामा कुठे, असं शेजारच्या टेबलावरच्या शबानाला विचारलं. ती नमुन्यांचा हिशेब बघते आणि मामांशी तिचं रोज भांडण व्हायचं. मग तिने सांगितलं ते असं. एका शर्टाचा गळा वाढवायचा होता. मामांनी आकडा भरला, 'जतन झालं' असं हिरव्या अक्षरांत आलं, मामांनी टाका उसवला आणि जिन्याखाली गेले. त्या शर्टाचे साइझ जास्त, म्हणून पान लांब, आणि 'कटिंगला पाठवा' हे बटण स्क्रीनच्या पार खाली गेलेलं, ते दाबायचं राहिलं. कटिंगला जुनंच माप गेलं. पूर्ण माल तंग गळ्याचा शिवून निघाला. साहेबांनी कुणाची चूक असं विचारायच्या आत मामा उभे राहिले होते.

"माझंच चुकलं," म्हणाले म्हणे. मग त्यांना भिवंडीजवळच्याच पूर्णा गावी, गोदामावर पाठवलं.

"पण चाचणीत त्यांना ते बटण सापडलं होतं," मी म्हटलं.

शबानाने माझ्याकडे असं बघितलं, की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"दीदी, तुम्ही खरंच समजला नाही? तो तुमचा सरावाचा शर्ट त्यांनी पाठ केला होता. आठवडाभर जेवण सोडून माझं डोकं खात बसायचे. इथून तिथं, तिथून खाली, खालून कोपरा. मी म्हटलं, मामा, जमत नाही तर नाही म्हणा ना. तर म्हणे, पोरीचं नाव खराब होईल."

त्या रात्री मी ते चित्रण परत बघितलं नाही, हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बघितलं. प्रत्येक वेळी आधी ओठ हलतात आणि मग हात हलतो. स्क्रीनकडे ते जवळजवळ बघतच नाहीत. पाढे म्हणणाऱ्या मुलाची नजर असते तशी त्यांची नजर कुठेतरी वर लागलेली. इतक्या जणांनी ते चित्रण बघितलं, मी तर शेजारीच बसले होते.

पूर्ण्याला गेले तेव्हा मामा गोदामाच्या दारात खोके मोजत होते. गळ्यात टेप नव्हती, पण हात सवयीने तिथेच जात होता. मला बघून त्यांचं तोंड उतरलं, आणि मी काही बोलायच्या आधी तेच म्हणाले, "तुला काय बोलले न्हायत ना गं ऑफिसात? माझ्यापायी?"

मी क्षमा मागायला गेले होते आणि तो माणूस माझीच मागत होता. मी सगळं बोलून टाकलं. तुम्ही पाठ का केलंत, मी दहादा सांगितलं होतं की परीक्षा स्क्रीनची आहे.

"स्क्रीन कुणी केली? तू केलीस. मंग परीक्षा तुझीच न्हाय का?" मामा अगदी शांतपणे म्हणाले. "भाची बोहल्यावर उभी ऱ्हायली की मामा पाठीशी असतो. तो काय म्हणतो का, पोरीला सयपाक येत न्हाय म्हणून?"

मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. मग मी तिथेच खोक्यावर लॅपटॉप उघडला आणि त्यांना म्हटलं, आज मामा म्हणून नको, आज खरं सांगा. त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. ओठ हलत नव्हते.

"यातलं मला काय बी कळत न्हाय," ते म्हणाले. "हिरवं आलं की मला वाटतं काम झालं." आणि थोड्या वेळाने, "हे लिवू नको."

मी लिहिलं. ऑफिसात वाद घातला, ते चित्रण सगळ्यांना पुन्हा दाखवलं, मामांचे ओठ दाखवले. आता ते बटण आकड्याच्या शेजारी आहे, आणि ते दाबेपर्यंत गळ्याचं माप लाल राहतं. ती लाल खूण मामांच्या दोऱ्यावरून घेतली आहे. कारखान्यातल्या साहेबांनाही जाऊन भेटले. चूक आमच्या स्क्रीनची होती असं सांगितलं. ते म्हणाले, अहो, पण त्यांनी स्वतः कबूल केलंय. मामांना परत बोलावलं नाही. खिडकीशी बसणाऱ्या नव्या माणसाचं त्या स्क्रीनवर एकदाही चुकलेलं नाही.

तेव्हापासून मी एक नियम केला आहे, आणि कामाच्या दृष्टीने तो अगदी बरोबर आहे. मागच्या महिन्यात एका दुसऱ्या कारखान्यात चाचणीला बसलेल्या बाईंनी चहा पुढे करत विचारलं, गाव कुठलं तुमचं? मी म्हटलं, ठाण्याची. बाई म्हणाल्या, मग बरं, ओळखीतल्या नाही, मोकळं सांगते, आणि त्यांनी आमच्या स्क्रीनचे वाभाडे काढले. फार उपयोगी पडलं ते.

चाचणी चालू असतानाच फोन वाजला. मामांचा होता. बाहेर येऊन घेतला. मामांनी फोन केला की ते आधी माझ्याशी बोलत नाहीत, शेजारी जो कुणी असेल त्याला मोठ्याने सांगतात.

"अंबाडीची भाची हाय माझी. मोठ्या कंपनीत हाय." मग मला म्हणाले, "काय गं, कामात होतीस का? माझंच चुकलं."

"नाही मामा," मी म्हटलं. दार उघडंच होतं आणि आत त्या बाई बसल्या होत्या, म्हणून आवाज खाली घेऊन म्हटलं.