लाल रेघेचं चाक

तुम्ही ज्या ट्रॉलीच्या मागून रोज मोटारसायकल चालवता, तिला ब्रेक आहे का, हे कधी खाली वाकून पाहिलंय? नाही ना? मीही पाहिलं नव्हतं. आख्ख्या धाराशिव जिल्ह्यात ते पाहणारे एकच गृहस्थ मला माहीत आहेत, ते म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडच्या रीतीप्रमाणं मी त्यांना मामा म्हणते. येडशीपासून ढोकीपर्यंत दिवा घेऊन शोधलं तरी त्यांच्याइतका भित्रा माणूस सापडायचा नाही. मामा पालीला भितात, कुकरच्या शिट्टीला भितात, अनोळखी नंबरवरून फोन आला तर फोन पालथा घालून लांब जाऊन बसतात. पण या सगळ्या भीती जिच्या लेकीसुना शोभाव्यात अशी त्यांची एक थोरली भीती आहे, ती म्हणजे ब्रेक न लागण्याची.

एसटीत चढण्याआधी मामा बसभोवती एक प्रदक्षिणा घालायचे. प्रत्येक चाकापाशी वाकायचे, हुंगायचे, कान लावायचे. एकदा येरमाळ्याच्या थांब्यावर कंडक्टर वैतागून म्हणाला, "मामा, बस इकत घ्यायची का काय?" मामा म्हणाले, "इकत न्हाय, जीव तुमच्या हवाली करायचाय. म्हून बघतोय." माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात वरातीची सजवलेली जीप मांडवापुढं उभी होती. मामांनी आल्या आल्या तिच्या चारी चाकांना दगड लावले. नवरानवरी बसली, बँडवाल्यांनी ताल धरला, ड्रायव्हरनं गिअर टाकला, आणि जीप नुसतीच गुरगुरायला लागली. फुलांच्या माळा थरथरत होत्या, पण वरात जागची हलेना. शेवटी नवरदेवाच्या चुलत्यानं खाली डोकावून आरोळी ठोकली, "हे दगडं कुणी लावले?" "म्या," मामा हात वर करून म्हणाले, "आन् काढताना एकदम नगा काढू. आधी ब्रेक दाबा."

आता गंमत अशी, की या माणसाचा धंदाच ब्रेकचा. येडशीहून येरमाळ्याकडं येताना, उताराच्या अलीकडं, त्यांचं पत्र्याचं गॅरेज आहे. लष्कराच्या लिलावातून निघालेल्या जुन्या जीपा आणि दोनचाकी ट्रेलर आमच्या भागात अजून राबतात. वयानं ते माझ्या आजोबांच्या बरोबरीचे. कुणी त्यावर पाण्याची टाकी बसवलीय, कुणी ऊस भरून ढोकीच्या कारखान्याला नेतो. त्यांच्या चाकांचे ब्रेकचे ड्रम उतरवायचे, साफ करायचे, परत बसवायचे, हे मामांचं काम. तरुणपणी ते एका लष्करी वर्कशॉपात हेल्पर होते. तिथून त्यांनी ही कला आणली आणि तिच्याबरोबर एक जाडजूड, हिरवट पुठ्ठ्याचं इंग्रजी पुस्तक. मामांना इंग्रजी येत नाही. ते चित्रं बघतात आणि मजकुरावरून नुसतं आदरानं बोट फिरवतात. "तोंडचं वाऱ्यावर जातं, छापलेलं ऱ्हातं," असं त्यांचं म्हणणं. लग्नपत्रिका हातात पडेपर्यंत ते कुणाचं लग्न ठरल्याचंही मानत नाहीत.

त्यांना ड्रम उतरवताना बघायला हवं होतं तुम्ही. आधी दुसऱ्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड. मग चाक जमिनीवर असतानाच नट सैल करायचे. मग जॅक, आणि जॅकवर भरवसा नाही म्हणून खाली लाकडाचा ओंडका. चाक निघालं की आतले ब्रेक-शू मागं घ्यायचे, कारण गंजलेला ड्रम त्यांना कवटाळून बसलेला असतो. बाकीचे मिस्त्री इथं घण घालतात. मामा लाकडी मोगरीनं ड्रमच्या कडेनं फिरत फिरत हलके ठोके द्यायचे आणि पुटपुटायचे, "ये बाबा, ये. कुणी मारत न्हाय तुला." तो निघाला की आतली काळी धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्यानं टिपायची. ती छातीत घर करते म्हणून तेवढा वेळ मामा स्वतः श्वास रोखायचे आणि बघणाऱ्यालाही रोखायला लावायचे. त्यात एकदा एक धिप्पाड गिऱ्हाईक डोळे पांढरे करून खाली बसलं होतं. मग ड्रम दोरीला टांगून बारक्या हातोडीनं टिचकी मारायची. देवळातल्या घंटेसारखा वाजला तर धड, बसक्या आवाजात बोलला तर तडा. परत बसवताना छिन्नीनं केलेल्या खुणेवर खूण आलीच पाहिजे.

आणि त्यांचा एक नियम होता, त्या हिरवट पुस्तकातसुद्धा नसलेला. ज्यानं ड्रम बसवला, त्यानं पहिल्या उताराला ट्रेलरवर बसायचं. मामा बसायचे. ब्रेकचा दांडा दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून, "आई येडाई, आई येडाई" करत, पानासारखे थरथरत. उतार संपला की घामानं निथळत खाली उतरायचे आणि म्हणायचे, "लागतोय चांगला."

माझ्या घरची तऱ्हा वेगळी. आमच्याकडं अंगाईऐवजी चळवळीची पत्रकं वाचली गेली. वडिलांच्या पिशवीत कायम एक गठ्ठा असायचा, मी अक्षरं त्यावरच शिकले. "भिऊ नका" हे मला "आई"च्या आधी वाचता आलं, असं आत्या सांगते. त्यामुळं मामांचं हे थरथरणं मला मुळीच सोसायचं नाही. त्यातून ते लष्करी ट्रेलरच्या डाव्या चाकावर तांबड्या रंगाची एक रेघ ओढायचे. फक्त डाव्या. दृष्ट लागू नये म्हणून असणार, असं मी ठरवून टाकलं आणि एका दुपारी त्यांना अंधश्रद्धेवर चांगलं सुनावलं. "आगं पोरी, ती रेघ..." ते दोनदा म्हणाले. दोन्ही वेळा मी त्यांना मध्येच तोडलं. तिसऱ्यांदा त्यांनी नाद सोडला. "असू दे. ती रेघ राखती," एवढंच म्हणाले. मी वाद जिंकल्याच्या आनंदात घरी आले.

गेल्या चैत्रातल्या, येरमाळ्याच्या येडाईदेवीच्या जत्रेची गोष्ट. ऊन असं, की सावलीलाही चटके बसावेत. आम्ही काही जणांनी एक जुना लष्करी पाण्याचा ट्रेलर मागून आणला होता. तो जीपला जोडून उताराखालच्या गर्दीला पाणी पाजायचं ठरलं. पत्रक अर्थातच मी लिहिलं. "सकाळी ठीक नऊ वाजता पाणी पोहोचेल." त्या सकाळी मामांनी ट्रेलरचा डावा ड्रम तीनदा उतरवला. पहिल्यांदा कामासाठी, दुसऱ्यांदा खात्रीसाठी. तिसऱ्यांदा अशासाठी, की दुसऱ्यांदा सगळं बरोबर निघालं होतं आणि इतकं बरोबर निघणं त्यांना संशयास्पद वाटलं.

नऊला वीस मिनिटं राहिली. आत्यानं त्यांना ओढतच चहाला आत नेलं. "आलो की नट एकदा बघतो, मग निघू," जाता जाता ते म्हणाले. त्यांचं "एकदा बघणं" मला ठाऊक होतं. मी पाना उचलला. आपणच नट करकचून ठेवले तर यांचं समाधान लवकर होईल, एवढाच हिशेब. लाल रेघेच्या चाकाच्या एकेका नटावर पाना लावला, सगळं वजन टाकून वर उभी राहिले, आणि नट जसा आवळतात तसा दाबला. एकेक नट कुरकुरत अर्धा फेरा फिरला. बघा, मी मनात म्हटलं, एवढा भिणारा माणूस, आणि नट सैलच!

मामा हातोडी घेऊन बाहेर आले तेव्हा मी जीप चालू करून भोंगा वाजवत होते. "मामा, खाली लेकरं तहानलीत, आणि तुम्ही इथं नट कुरवाळत बसणार? भीती माणसाला गुलाम करते!" हे माझ्याच पत्रकातलं वाक्य. मामांनी हातोडी खिशात घातली आणि ते आयुष्यात पहिल्यांदा, फेरी न मारता, ट्रेलरवर चढून बसले.

दोनेक किलोमीटर गेलो. उताराच्या तोंडाशी आलो, आणि मागून आरोळी आली, "थांब! पोरी, थांब!" मी ब्रेक दाबला आणि खाली उतरले. मामा उतरले. "न बघता न्हाय जायाचं. मला न्हाय जमत. म्हण मला भित्रा." आधी दगड लावले. मग उजव्या चाकाच्या नटांवर हातोडी. टण्, टण्, टण्. मग डाव्याकडं आले. थप्. दुसरा नट, थप्. तिसरा त्यांनी नुसता दोन बोटांनी फिरवला आणि तो निघून त्यांच्या तळहातावर आला.

मी खाली पाहिलं. सरळ उतार, आणि वळणावर माणसंच माणसं. कुणी नारळ मांडून बसलेलं, कुणी डोक्यावर परडी घेतलेलं. एक बाई कडेवरच्या पोराच्या तोंडात बाटलीतला शेवटचा थेंब टाकत होती. आमच्या मागं पाण्यानं गच्च भरलेली टाकी होती. चाक निघालं असतं तर आमच्या आधी तेच त्या बाईपर्यंत पोहोचलं असतं. मी रस्त्यावर बसले.

"ह्याला हात कुणी लावला व्हता?" मामांनी विचारलं.

"कुणी नाही," मी म्हणाले.

हे वाक्य कुठून आलं, मला आजही सांगता येत नाही. मामा खाली बसले आणि नट आवळायला लागले. त्यांचा हात उलटा फिरत होता. जसे नट सोडवतात तसा. आणि नट घट्ट होत होते. तेव्हा मला कळलं. त्या जुन्या लष्करी गाड्यांच्या डाव्या चाकाचे आटे उलटे असतात. जगातले सगळे नट ज्या दिशेनं आवळतात, त्या दिशेनं हे सुटतात. नव्या माणसानं चुकू नये म्हणून ती लाल रेघ होती. मी दोनदा तोडलेलं वाक्य हेच होतं.

तेव्हा तरी बोलायचं. नाही बोलले. मामांनी आपले दोन्ही हात पुढं धरले, उलटेसुलटे करून पाहिले, जणू ते दुसऱ्याच कुणाचे असावेत. "मंग म्याच इसरलो," ते हळू म्हणाले, "तीनदा बसवलं, आन् आवळायचंच इसरलो." मग डोळे मिटून ट्रेलरवर बसले. या वेळी येडाईचं नाव नव्हतं. पाणी साडेनऊला पोहोचलं. अर्ध्या तासाच्या उशिरानं कुणी तहानेनं मेलं नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी छोटंसं भाषण केलं. निर्भयतेवर.

दुसऱ्या दिवशी मामांनी मोगरी, हातोडी, पाने तेलाच्या फडक्यानं पुसले, पोत्यात गुंडाळले आणि आढ्याला टांगले. गिऱ्हाईक आलं की म्हणतात, "हात इसरायला लागल्यावर ड्रमला शिवू न्हाय, बाबा. दुसरीकडं बघा." दुसरीकडं म्हणजे घणवाल्याकडं. दिवसभर ते ओट्यावर बसतात. आत्या मला बाजूला घेऊन म्हणाली, "आगं, परवा एसटीत सरळ चढले. वाकले न्हायत, हुंगलं न्हाय. मला त्याचंच लई भ्या वाटतंय." ज्या माणसाच्या भित्रेपणाला मी हसले, तो आता कशालाच भीत नाही. फक्त स्वतःच्या हातांना भितो.

अकराव्या दिवशी मी जाऊन सगळं सांगितलं. रडले, पाया पडले. मामा हसले. "म्हाताऱ्याचं मन राखतीस व्हय? तुझा बाप बी असाच, दुसऱ्याचं पाप आपल्या डोक्यावर घ्यायाचा." मी पान्यावर कशी उभी राहिले ते करून दाखवलं. "तुझ्या अंगात येवढा जोर कुठला आलाय? चहा पी." आत्या म्हणाली, "आवं, पोरगी खरं बोलतीय." त्यावर मामा उठता उठता म्हणाले, "तोंडचं हाय ते. तोंडचं वाऱ्यावर जातं."

म्हणून हे छापून देते आहे. पत्रकं पुष्कळ लिहिली, पण माझ्याविरुद्ध लिहिलेलं हे पहिलंच. आणि कबूल करते, आजही उताराला लागले की माझे हात गार पडतात. मोटारसायकलवर असले तरी थांबते, उतरते, चाकाशी वाकते. लोक हसतात. हसू देत.

तुमच्याकडं एक मागणं आहे. कारखाना सुरू व्हायच्या आत आपल्या गावातल्या जुन्या ट्रेलरखाली एकदा वाकून बघा. मग तो घेऊन येडशी-येरमाळा रस्त्यावरच्या त्या पत्र्याच्या गॅरेजात जा. मामा नाही म्हणतील. तुम्ही चाकांना दगड लावा, म्हणजे आपलाच माणूस आलाय हे त्यांना कळेल. हे पान बरोबर न्या आणि त्यांच्या मांडीवर ठेवा. ते आधी अक्षरांवरून बोट फिरवतील. फिरवू द्या, घाई करू नका, मी केली होती. मग त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा, छापलेलं आहे हे दाखवा, आणि तुमच्या भाचीनं लिहिलंय म्हणून सांगा: मामा, त्या चाकावर शेवटचा हात तुमचा नव्हता.