भावकीच्या दगडावर नसलेली बाई

माझ्या बायकोला एक खोड होती. कोणतीही बाई भेटली की ती आधी तिचं माहेरचं नाव विचारायची. मग तिच्या आईचं. मग आईच्या आईचं. उल्हासनगरला कॅम्प तीनच्या शेअर रिक्षात मांडीला मांडी लावून बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा सोडायची नाही. बहुतेकींची गाडी आजीपर्यंत जायची, तीही अडखळत. "आम्ही तिला आयेच म्हणायचो, नाव काय होतं कुणास ठाऊक." पणजीपाशी तोंड बंद. मग ही माझ्याकडे वळून म्हणायची, "बघा, तिसऱ्या बाईशी सगळ्यांचा रस्ता संपतो." मला लाज वाटायची. रिक्षावाला आरशातून बघायचा. मी म्हणायचो, "अगं, लोकांच्या पणज्या काय विचारत सुटलीस, जनगणनेची बाई आहेस का तू?"

"जनगणनेवाले जिवंत मोजतात," ती म्हणायची. "मी मेलेल्या मोजते."

आता ती स्वतःच गेली. दहा महिने होतील. मी चौथी शिकलेला माणूस, अंबरनाथच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर आयुष्य काढलं. हे हाताने लिहितोय, मुलगी टाईप करून देणार आहे. तिला सांगून ठेवलंय, शुद्धलेखन सुधार, राग सुधारू नकोस.

कारखान्याला टाळं लागलं तेव्हा मी घरी बसलो आणि ती बाहेर पडली. लग्नाआधी मॅट्रिक झालेली, टायपिंगची परीक्षा दिलेली. इतकी वर्षं भाकऱ्या थापण्यात गेली, पण बोटं विसरली नव्हती. कॅम्प तीनमध्ये किशू शेठ म्हणून एक सिंधी माणूस होता. खाली त्याचा जीन्स शिवायचा कारखाना, वर माळ्यावर बारा कॉम्प्युटर. तिथे परदेशातून टायपिंगचं काम यायचं. हिच्या वाट्याला जे आलं ते ऐकून मी हसलो होतो. युरोपातल्या राजेरजवाड्यांच्या, सरदार-उमरावांच्या वंशावळी. जुन्या जाडजूड पुस्तकांच्या पानांचे फोटो पडद्यावर यायचे आणि ही एकेक अक्षर बघून ते उतरवायची. भाषा कळायची नाही, पण खुणा पाठ झाल्या. तारा म्हणजे जन्म. क्रूस म्हणजे मृत्यू. एकात एक अडकलेल्या दोन कड्या म्हणजे लग्न.

घरी येऊन मेथी निवडता निवडता मला त्यांच्या घरच्या खबरा सांगायची. "आज एका सरदाराला चौदा मुलं झाली. नऊ गेली. सगळ्यांची नावं आहेत. एक पोरगी दोन दिवस जगली, तिचंही आहे."

मी म्हणायचो, "गरिबांचं रक्त पिऊन महाल बांधलेली माणसं ती. त्यांची पोरं मोजायला आपण कशाला?"

"रक्त बापांनी प्यायलं," ती म्हणाली. "दोन दिवसांच्या पोरीने काय प्यायलं?"

आता तिच्या हातून झालेली चूक सांगतो, कारण ती चूक सांगितल्याशिवाय ती बाई कळायची नाही. त्या कामाची एक पद्धत होती. एकच पान दोघींना द्यायचे, दोघींनी वेगवेगळं बसून टाईप करायचं, मग मशीन दोन्ही जुळवून बघायचं. जिथे फरक, तिथे चूक. हिची जोडीदार कविता नावाची सिंधी बाई. पडद्यावर नावासाठी तीन चौकोन असायचे, मधला रिकामा सोडायचा असा हुकूम होता. पण बाईचं नाव अर्धवट कसं सोडायचं? हिने प्रत्येक लग्न झालेल्या बाईच्या मधल्या चौकोनात नवऱ्याचं नाव घातलं आणि शेवटी सासरचं आडनाव. आपल्याकडे रेशन कार्डावर असतं तसं. गंमत अशी की तिकडे कवितानेही, हिला न विचारता, हेच केलं. दोघींचं तंतोतंत जुळलं. मशीन खूश. शेकडो पानं तशीच गेली.

महिन्याभराने तिकडून पत्र आलं. किशू शेठ माळ्यावर आला आणि हिच्या टेबलाशी उभा राहिला. "भाभी, ये क्या किया साईं? चार सौ साल की सारी लड़कियाँ गुम कर दीं. पार्टी बोलती है, किसी बाप के घर में एक बेटी नहीं मिलती."

ही म्हणाली, "शेठ, शादी हो गई ना उनकी."

"शादी हो गई तो पैदा नहीं हुई थी क्या?"

ते वाक्य तिच्या डोक्यात जाऊन बसलं. दीड महिना दोघींनी सगळी पानं परत केली. एकेका बाईला सासरहून उचलून माहेरी आणून ठेवलं. संध्याकाळी पाठ धरून यायची, मी बाम चोळून द्यायचो. एकदा पालथी पडल्या पडल्याच म्हणाली, "अहो, दोघींनी एकच चूक केली की मशीनला ती चूक दिसतच नाही."

असं नाही की ते गोरे फार शहाणे. एकदा तिने मला दाखवलं, एका घराण्याच्या शेवटी एक शब्द होता, त्याचा अर्थ विझलं. मुलगा नाही, घराणं विझलं. खाली पाच मुलींची नावं, त्यांच्या पोराबाळांसकट. ती म्हणाली, "हेही आपल्यासारखेच. पण निदान नाव लिहून मग विझवतात." आणि ज्या माणसाने हे काम दिलं होतं तो कोणी राजाबिजा नव्हता, तिकडच्या एका गावात औषधाचं दुकान चालवायचा. त्याची पणजी म्हणे सरदाराची मुलगी, तिची मुळं शोधत होता. "पणजीसाठी शोधतोय," ती पुनःपुन्हा म्हणायची. "पणजोबासाठी नाही."

त्याच दिवसांत तिने मला विचारलं, "माझं नाव काय?"

आमच्या लग्नात ताटात तांदूळ पसरले, माझ्या हातात अंगठी दिली, आत्याने कानात सांगितलं ते मी तांदळात लिहिलं. शोभा. तिचं खरं नाव यमुना. पण माझ्या आईचंही नाव यमुना, आणि सासूच्या नावाने सुनेला हाक कोण मारणार? मी तिला विचारलंसुद्धा नाही. विचारतात हेच मला माहीत नव्हतं. आता ती म्हणाली, "माझ्या बापाच्या पानावरची यमुना कुठे गेली? आणि तुमच्या पानावरची शोभा तरी कुठे आहे?" मी काही दिवस यमुना म्हणून बघितलं. आईला हाक मारल्यासारखं वाटायचं. सोडून दिलं. आज त्याची चीड येते, पण तेव्हा सोडून दिलं हे खरं.

आमचं गाव वांगणीपासून आत, डोंगराच्या अंगाला. भाताच्या जमिनी फार्महाऊसवाल्यांना गेल्या, भावकीच्या हातात पैसा खेळला, आणि सगळ्यांना एकदम पूर्वज आठवले. कुळदेवाचं देऊळ नवीन बांधलं. देवळाच्या भिंतीत संगमरवरी दगड बसवून त्यावर नऊ पिढ्यांची वंशावळ कोरायची ठरलं. माझा चुलतभाऊ रामभाऊ, त्याचा मुलगा जयेश प्लॉटची दलाली करतो, त्याने कच्चा कागद छापून आणला. देवळात बैठक होती. आम्ही दोघं गेलो होतो. हिने चष्मा लावून कागद वाचला. नऊ पिढ्यांत एक बाई नाही. माझ्या नावाखाली कंसात लिहिलेलं, निर्वंश.

आमची मुलगी वैशाली बदलापूरला राहते, दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते, दोन मुलं आहेत तिला.

"जयेश, हे काय रे लिहिलंस?"

"काकी, तो फॉरमॅटच आहे. मुलगा नसला की तसं टाकतात."

"मग वैशाली कोण?"

"ताई आहेच ना. ताईचं नाव तिच्या सासरच्या वंशावळीत येईल."

"तिकडेही नाही येणार. तिकडेही तुझ्यासारखाच कोणीतरी फॉरमॅट घेऊन बसला असेल."

लोक हसले. रामभाऊ म्हणाला, "वहिनी, बायकांची नावं घालायची म्हटली तर दगड पुरायचा नाय."

"मागे अख्खा डोंगर उभा आहे, भावजी. तुम्हाला दगडाची टंचाई कधीपासून झाली?"

आता कोणी हसलं नाही. रामभाऊने माझ्याकडे पाहिलं. "दादा, तू बोल. तुझं काय म्हणणं?"

चहाचा कप माझ्या हातात होता. सगळे बघत होते. मी म्हणालो, "जाऊ दे, नंतर बघू."

ती उठली, चपला घातल्या आणि चालायला लागली. मी मागून गेलो. वांगणी स्टेशन आलं. बाकावर बसल्यावर म्हणाली, "मला वाटलं होतं, तुम्ही आणि भावजी, दोघांपैकी एकजण तरी वेगळं टाईप करेल."

त्यानंतर तिने आरडाओरडा केला नाही. केला असता तर मला बरं झालं असतं. तिची किडनी गेली, आठवड्याला दोनदा डायलिसिस सुरू झालं. मशीन लावलेला हात हलवायचा नाही, म्हणून दुसऱ्या हाताने वहीत काहीतरी काढत बसायची. बायकांची वंशावळ. खाली वैशालीची मुलं, वर वैशाली, वर यमुना, वर तिची आई सोनूबाई, वर आजी ठकुबाई. त्याच्या वर नाव नव्हतं, नुसता तारा. मी विचारलं, "हे काय?"

"नाव नाही सापडलं. माहेरी जाऊन म्हाताऱ्यांना विचारलं, कोणाला माहीत नाही. पण जन्मली तर होती ना. तारा काढायचा."

शेजारच्या खाटेवरच्या बाईला, नर्सला, झाडूवालीला, सगळ्यांना तिने त्यांच्या आज्या विचारल्या. एक नर्स रागावली, "मावशी, पडून राहा गप." ही म्हणाली, "पडूनच तर विचारतेय. तुझ्या आजीचं नाव सांग, गप्प होते." नर्सने आईला फोन लावून विचारलं आणि येऊन सांगितलं. ही हसली. पुढच्या आठवड्यात ही गेली.

गेल्या महिन्यात जयेशचा फोन. "काका, रविवारी दगडाचं उद्घाटन. तुमच्यासाठी फेटा ठेवलाय." मी रविवारची वाट पाहिली नाही, गुरुवारीच गेलो. दगड भिंतीत बसलेला, कारागीर पॉलिश करत होता. माझ्या बापाचं नाव, खाली माझं, खाली कोरून काळा रंग भरलेलं निर्वंश. बायको गेली, दहावं-तेरावं झालं, त्या दिवशी ह्याच भावकीने माझ्या घरी बसून जेवण केलं होतं. त्यांच्या तोंडी तिची स्तुती होती.

मी म्हणालो, "हिथे यमुना कोरा. खाली वैशाली."

जयेश म्हणाला, "काका, एकाचं केलं की सगळे मागतील. फार तर निर्वंश काढून तिथे कमळ करून देतो. नीट दिसेल."

"कमळ कशाला? ते काय माझ्या पोटचं आहे?"

रामभाऊ धावत आला. "दादा, वहिनी गेल्या, तुझं मन ठिकाणावर नाय. घरी चल."

"माझं मन आत्ता ठिकाणावर आलंय. ती दोन नावं कोरणार नसाल तर माझं नाव काढा."

"येडा झालास काय? जित्या माणसाचं नाव कोण पुसतं?"

"जित्या बाईचं तुम्ही कधी लिहिलंच नाही. ते कसं चालतं?"

मी दगडासमोर फतकल मारली. म्हटलं, रविवारी पाहुणे आले तरी इथेच बसलेला दिसेन. तासभर त्यांनी समजावलं, शिव्या दिल्या, वैशालीला फोन लावला. तिने सांगितलं, बाबा म्हणतात तसं करा. शेवटी जयेशने कारागिराला मान हलवली. ग्राइंडर फिरला. माझं नाव गेलं, आणि ज्याच्याखाली ते होतं तोच उरला नाही म्हणून निर्वंशही गेलं. बापाच्या नावाखाली पांढरी खरवडलेली जागा राहिली. जयेश म्हणाला, "आता आजोबांच्या खाली खड्डा दिसतोय." मी म्हणालो, "दिसू दे. लोक विचारतील तेव्हा सांग कोणाचा आहे."

मला वाटलं, मी काहीतरी केलं. छाती भरून आली होती, खोटं कशाला बोलू.

रामभाऊची बायको देवळाच्या पायरीवर पाण्याचा तांब्या घेऊन आली. इतक्या वर्षांत ही बाई माझ्यासमोर कधी चार शब्दांच्या वर बोलली नव्हती. तांब्या माझ्या हातात देऊन हळूच म्हणाली, "दादा, जाऊबाई होत्या तेव्हा हे केलं असतंत, तर त्यांनी डोळ्यांनी पाहिलं असतं."

पाणी तसंच हातात राहिलं.