दोरीला हात

आमच्या वाडीत रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, एक नियम होता. जाळं ओढताना दोरीला ज्याचा हात लागला, त्याला मासळीचा वाटा. पाहुणा असो, म्हातारी असो, किनाऱ्यावरून जाता जाता थांबलेला वाटसरू असो. रापण आमच्या घरची, सासरे तिचे मुख्य, म्हणून वाळूत वाटे मांडायचं काम माझ्याकडे. या नियमाचा मला फार अभिमान होता. आता आठवला तरी तोंड कडू होतं.

शेजारच्या घरात एकोणीस वर्षांची मुलगी होती. गोव्यात हॉटेलात काम मिळवून देतो म्हणून वाडीतल्याच एका माणसाने तिला नेलं आणि विकलं. दहा महिन्यांनी धाडीत ती पोलिसांना सापडली. आता तिला घरी पाठवतील, असं मला भोळीला वाटलं. तिला ठेवलं सुधारगृहात, कुलपाआड. विकली गेली ती, आणि सुधारायचीही तिनेच. आईबाप खरे असल्याचे कागद जमवण्यात चार महिने गेले. नेणारा तोवर जामिनावर सुटून आपल्या पडवीत चहा पीत बसला होता.

साक्षीला तिच्यासोबत मी गेले, कारण कोर्टात काय बोलतात ते तिच्या आईला समजत नव्हतं. त्याच्या वकिलाने तिला विचारलं, तू राहत होतीस तिथे खाली रस्त्यावरच टेलिफोन बूथ होता, मग घरी फोन का केला नाहीस? तिने माझ्याकडे बघितलं. वाडीत तेव्हा फोन एकच, आमच्याकडे, आणि तो उचलणार सासरे. असलं काही ती त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार होती? वकील म्हणाला, म्हणजे तिथे हिचं बरं चाललं होतं. मला उठून त्याच्या कानफटात द्यावीशी वाटली. मी बसून राहिले.

त्यानंतर आठवड्याने रापण लागली आणि ती दोरीला आली. रापणीला दोन बाजूंना दोन दोऱ्या. ती जिथे उभी राहिली, तिथल्या बायका एकेक करून पलीकडच्या दोरीला गेल्या. कुणी वावगा शब्द काढला नाही. पलीकडे तिला नेणारा तो माणूस ओढत होता, आणि त्याच्या शेजारी उभं राहायला कुणालाच काही वाटलं नाही. सासरे मला म्हणाले, तमाशा नको, तिला घरी पाठव. मी तिची बोटं दोरीवरून सोडवली आणि गोड बोलून तिला पाठवून दिलं.

मग वाटे मांडले. त्याचाही मांडला, नेहमीसारखा. तिच्यासाठी चांगले मोठे बांगडे निवडून टोपलीत भरले आणि स्वतः घेऊन गेले. आपण केवढं चांगलं करतोय, असं वाटत होतं मला. सांगायला लाज वाटते.

ती मागीलदारी बसली होती. तिने टोपलीकडे बघितलंही नाही.

"माका म्हावरा नको गे वयनी," ती म्हणाली. "माका दोरयेक हात लावक दिया."

सासऱ्यांना विचारते, मी म्हणाले. विचारलं नाही.

पावसाळ्याआधी ती गोव्याच्या गाडीत बसून गेली, एकटीच. वाडीला मोकळं वाटलं. बघा, सगळे म्हणाले, या खेपेला तर हिला कुणी नेलं नाही. मी वाटे मांडत होते. वर बघितलं नाही. दोरीवरून तिचा हात सोडवणारी मीच होते.