तीन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड

मंडळी, आज सकाळी आमच्या घरी एक तज्ज्ञ येऊन गेला.

मी सोलापुरात फ्लेक्स डिझाईन करतो. माझा कॉम्प्युटर इतका जुना आहे, की वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांची दुसरी ओळ लावली की गुडघे टेकतो. साधं ग्राफिक्स कार्ड टाकू म्हटलं, तर बायकोनं तिच्या भावाला बोलावलं. संतोष अक्कलकोटला मोबाईलची कव्हरं विकतो, म्हणून सासरवाडीत त्याला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं.

दुकानात मी जुन्या मशीनला झेपेल असं कार्ड शोधत होतो. तो पंखे बघत होता. "दाजी, तीन पंख्यांचं घ्या की. आपल्याकडं ऊन लई हाय."

घरी बसवलंही त्यानंच. कार्ड कॉम्प्युटरच्या डब्यात धड मावेना, तर झाकण उघडंच ठेवलं. "हवा लागंल," म्हणाला. मग मशीन चालू करून, "बघा, पळतंय कसं." बायको म्हणाली, "लई फरक पडला."

तो चहाला आत गेल्यावर मी मागं वाकून पाहिलं. मॉनिटरची वायर जुन्याच सॉकेटात होती. नवं कार्ड नुसतं रंगीत लायटी लावून बसलं होतं, कामाला हात लावत नव्हतं.

मी गुपचूप वायर कार्डाला जोडली. तो आल्यावर विचारलं, "आता कसं वाटतंय?"

त्यानं माउस फिरवला. "मगाशी बरं होतं. दाजी, तुमी हात लावला काय?"

बायकोही माझ्याकडंच बघायला लागली.

आता प्रिंटर घ्यायचाय. हा माणूस अक्कलकोटहून निघायच्या आत तो घरात कसा आणू, तेवढं सांगा.